खिडकीबाहेर सांडलेला उजेड

धाकटीचा उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडावरचे डाग पुसण्यात गेला. फोटो स्टुडिओत ती रीटचिंगला होती. कुणाच्या गालावर मुरूम असेल, कपाळावर जुन्या जखमेचा व्रण असेल, कागदावर धुळीचा कण उमटला असेल, तर मालक तो फोटो तिच्या टेबलावर सरकवायचा आणि म्हणायचा, “बाई, एवढं घालवा.” बाई घालवायची. दोन केसांचा कुंचला, बशीत कालवलेला काळा-राखाडी रंग आणि डोळ्याला भिंग, एवढ्या भांडवलावर तिनं अर्ध्या गावाला देखणं केलं. लोक आरशावर रुसायचे, पण तिच्या टेबलावरून आलेल्या फोटोवर कधी रुसले नाहीत.

तिला धाकटी म्हणायचं कारण एवढंच, की चौकापलीकडच्या इमारतीत थोरली राहत होती. दोघींचे केस पांढरे झाले, दोघींच्या तोंडात कवळ्या आल्या, तरी एक थोरली ती थोरली आणि दुसरी धाकटी ती धाकटी. वय वाढतं, नंबर बदलत नाही.

धाकटीची खोली चौकाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर. थोरलीची इमारत पलीकडे, जरा तिरकी. चार मजले, आणि थोरली तिसऱ्यावर. तिनं खिडकीतून हाक मारली की धाकटीला ऐकू यायची आणि चौकालाही. फोन दोघींकडे होते, पण थोरली म्हणायची, फोनवर भांडायला मजा येत नाही. तिचे गुडघे पार गेले होते. ती शेवटची खाली उतरली तेव्हा कोपऱ्यावरचं झाड रोपटं होतं, असं भावोजी सांगायचे. भावोजी म्हणजे थोरलीचा नवरा, घड्याळजी. दुकान कधीच बंद झालं होतं. आता ते घरीच खिडकीशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून, लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करायचे. भिंग धाकटीच्याही डोळ्याला आणि त्यांच्याही. थोरली म्हणायची, “दोन भिंगवाल्यांमध्ये माझा जन्म गेला. मोठं काही असेल ते मलाच बघावं लागतं.”

पुढे जो तो स्वतःच फोटो काढायला लागला आणि स्टुडिओ बंद पडला. मालकानं जाताना आपला जुना फिल्मचा कॅमेरा धाकटीच्या हातात ठेवला. “इतकी वर्षं दुसऱ्यांचं नीट केलंत,” तो म्हणाला, “आता स्वतःचं बिघडवून बघा.”

तिनं बिघडवायला घेतली ती रात्र.

दिवसाचा फोटो कुणालाही येतो. अंधाराचं तसं नाही. अंधारात फिल्म आळसावते. उजेड मोजायचं यंत्र सांगेल तेवढ्यावर तिचं भागत नाही, झोपाळू पोराला हाका माराव्यात तसा तिला जास्तीचा वेळ द्यावा लागतो. शटर मिनिटंच्या मिनिटं उघडं ठेवायचं आणि आपण श्वास धरून बाजूला उभं राहायचं. तेवढ्या वेळात चौकातून माणसं येतात, जातात, पण चालत्या माणसाचं फिल्मवर काहीच उरत नाही. जो उभा राहिला तो उमटला. जो हलला तो पुसट झाला, नाहीतर गेलाच.

आणखी एक अडचण होती. पूर्ण रात्र झाल्यावर फोटो घेतला तर नुसते दिवे दिसायचे, काळ्या कापडाला भोकं पडल्यासारखे. भिंती, खिडक्या, छपरं सगळी अंधाराच्या पोटात. संध्याकाळी घेतला तर घरं दिसायची, पण दिवे लागलेले नसायचे. धाकटीनं यावर तोडगा काढला. तिच्या कॅमेऱ्यात शटर वेगळं चढवायचं असे आणि फिल्म वेगळी पुढे सरकवायची असे. फिल्म सरकवायला विसरलं की एकावर एक दोन फोटो पडायचे. नवशिक्याची ती चूक, तेच धाकटीचं हत्यार झालं. आधी संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात ती घरांच्या आकृत्या घ्यायची. मग फिल्म न सरकवता, कॅमेरा तसूभरही न हलवता, त्याच चौकटीवर रात्रीचे दिवे घ्यायची. दिवे बरोबर आपापल्या खिडकीत जाऊन बसायचे. कधी दोन्ही त्याच दिवशी व्हायचं. कधी मनासारख्या खिडक्या उजळायला, आभाळ निवळायला आठवडाही जायचा. तोवर कॅमेरा होता तिथे राहायचा. खिडकीशेजारच्या भिंतीत तिनं त्यासाठी लोखंडी हात बसवून घेतला होता. थोरलीच्या इमारतीत तळमजल्यावर एक सुतार होता, त्यानंच तो बोल्ट मारून घट्ट केला होता आणि म्हणाला होता, “मावशी, आता भिंत पडेल, पण हा नाही हलायचा.” कॅमेऱ्यावर काळं कापड टाकलेलं असायचं.

“घरात दुसरं माणूस नाही,” थोरली खिडकीतून ओरडायची, “आणि कॅमेऱ्याला मात्र पांघरूण!”

पण दिवे घ्यायच्या रात्री धाकटीचा फोन गेला, “ताई, आज स्वयंपाकघरातला दिवा ठेव गं,” की थोरली न चुकता ठेवायची. “ठेवते,” म्हणायची, “पण मला खिडकीत उभं राहायला सांगू नकोस. गुडघे फोटोत येतील.” धाकटीच्या रात्रीच्या प्रत्येक फोटोत तो एक पिवळा दिवा, पांढरा होऊन, असायचाच. दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं.

अलीकडेच घेतलेला असा एक फोटो धाकटीनं थोरलीला चौकट करून दिला होता. खरं तर त्यात एक बारीक खोट होती. थोरलीच्या इमारतीत वरच्या दोन मजल्यांचे दिवे खिडकीच्या चौकटीत नीट बसले नव्हते. केसाएवढा उजेड डाव्या बाजूला भिंतीवर सांडला होता. धाकटी मनाशी म्हणाली, लागला असेल कॅमेऱ्याला धक्का. आणि जन्मभराच्या सवयीनं तिनं कुंचला उचलला, राखाडी रंगात बुडवला आणि सांडलेला उजेड पुसून टाकला. चहा निवायच्या आत काम झालं. फोटो भिंतीवर लागला तेव्हा भावोजी दोन पावलं मागे सरकून म्हणाले, “वा मेहुणीबाई! आमचं घर इतकं सरळ आम्हीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.”

त्या फोटोच्या थोडं आधीच थोरलीच्या इमारतीच्या डाव्या अंगाला एक जुनं गुदाम पाडून नव्या इमारतीच्या तळघरासाठी खड्डा खणायला सुरुवात झाली होती. दिवसभर यंत्रांची घरघर चालायची. धाकटीनं एका स्वच्छ संध्याकाळी नव्या फोटोसाठी आकृत्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पावसानं झड लावली. कॅमेरा कापडाखाली बसून राहिला. खड्ड्यात पाणी साठलं, यंत्रं थांबली. थोरली फोनवर घरबसल्या बातम्या द्यायची.

“कपाटाचं दार आपोआप उघडतंय गं. भूत शिरलंय बहुतेक.”

“तुला घाबरून बाहेर येत असेल.”

“आणि सुतारानं आमचं दार तासलं. अडकत होतं. पावसानं लाकूड फुगतं म्हणाला. यांचं ते भिंतीवरचं घड्याळ तर रोज बंद पडतंय.”

“ताई, तुमचं घर म्हातारं झालंय. त्याचेही गुडघे गेले,” धाकटी म्हणाली आणि दोघी खूप हसल्या.

पाऊस उघडला त्या रात्री आभाळ धुतल्यासारखं होतं. थोरलीच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उजळल्या होत्या. असा योग पुन्हा यायचा नाही म्हणून धाकटीनं कापड काढलं, शटर उघडलं आणि त्याच चौकटीवर दिवे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कॅमेऱ्यातली फिल्म काढून नवी भरली, काढलेली धुतली, वाळवली आणि न्हाणीघराच्या खिडकीला जाड पडदा लावून, लाल दिव्याखाली प्रिंट काढायला बसली. कागद औषधाच्या पाण्यात सोडला की आधी काहीच नसतं. मग करडं काहीतरी तरंगायला लागतं. पहिल्यांदा विजेचा खांब आला. मग कोपऱ्यावरच्या छापखान्याची लांब खिडकी आली, तिच्यातला उजेड अगदी चौकटीत, दोरीनं आखल्यासारखा. धाकटी खूश झाली. मग थोरलीची इमारत वर आली आणि धाकटीच्या कपाळाला आठी पडली.

दिवे खिडक्यांत नव्हते.

खिडक्या जिथल्या तिथे होत्या, आणि उजेड त्यांच्या डावीकडे, भिंतीवर. जणू कुणी खिडक्यांतले दिवे हातानं ओढून बाजूला ठेवले होते. धाकटी पुटपुटली, “हात्तिच्या! पुन्हा लागला धक्का.” प्रिंट धुऊन तिनं बाहेर उजेडात आणली, टेबलावर पसरली आणि ओल्या कागदावर रंग चढत नाही हे विसरून कुंचला हातात घेतला. सुरुवात कुठून करायची म्हणून तिनं भिंग लावलं. थोरलीच्या दिव्यापासून करू म्हणाली.

कुंचला कागदाला टेकायच्या आत तिचा हात थांबला.

कॅमेऱ्याला धक्का लागला असता तर सगळंच सरकलं असतं. विजेचा खांब दोनदा उमटला असता. छापखान्याचा उजेड चौकटीबाहेर गेला असता. तिनं खांब पाहिला: एकच, सुईसारखा. छापखाना पाहिला: जिथल्या तिथे. चौकातली सगळी घरं एकेक करून पाहिली. सगळ्यांचे दिवे आपापल्या घरात होते. बेघर झाला होता तो एकाच इमारतीचा उजेड.

मग ती खालून वर गेली. तळमजल्यावर सुताराचा दिवा खिडकीतच होता. पहिल्या मजल्यावर केसाएवढा बाहेर. दुसऱ्यावर त्याहून जास्त. तिसऱ्यावर, थोरलीच्या स्वयंपाकघरात, काडी मावेल एवढी फट. चौथ्यावर त्याच्याही पुढे. पत्त्यांची गड्डी उभी धरून कुणी वरून हलकेच बोट लावावं, तशी.

धाकटीनं कुंचला खाली ठेवला. तिनं जुन्या फोटोची निगेटिव्ह शोधून काढली, पुन्हा लाल दिव्याखाली गेली आणि तिची नवी प्रिंट काढली, रंग न लावलेली. तिथेही तेच होतं. तेच वरचे मजले, तीच डावी बाजू, खड्ड्याची. फक्त तेव्हा केसाएवढं होतं आणि आता काडीएवढं.

ती तिथेच न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसली. फोटोत चूक नव्हतीच. चूक चौकापलीकडे उभी होती, चार मजल्यांची. आणि तिनं ती एकदा कुंचल्यानं पुसली होती, चौकट करून त्याच इमारतीच्या पोटात, ताईच्या भिंतीवर टांगली होती.

उठून तिनं खिडकीतून पाहिलं. इमारत नेहमीसारखी उभी होती. गॅलरीत कपडे वाळत होते. भावोजी टेबलाशी मान खाली घालून बसले होते. नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. ओल्या प्रिंटा हातात तशाच धरून, अंगावरचा औषधांनी डागाळलेला ॲप्रनही न सोडता ती जिना उतरली आणि चौक ओलांडून पळत सुटली. त्या वयात तिला पळताना चौकानं पहिल्यांदाच पाहिलं.

थोरली सोफ्यावर पाय लांब करून मटार सोलत होती. “काय गं? कुणी मागे लागलंय का? या वयात लागलं असेल तर नशीबवान आहेस.”

“ताई, ऊठ. खाली चल.”

“कुठे?”

“कुठेही. इमारत कलतेय.”

“इमारत नाही, तुझं डोकं कलतंय. बस. पाणी पी.”

धाकटीनं प्रिंटा तिच्या मांडीवर टाकल्या. मटाराच्या टरफलांवर पाणी ठिबकलं. थोरलीनं चष्मा चढवला, दोन्ही प्रिंटा लांब धरल्या, जवळ धरल्या, आणि मान हलवली. “तुझा हात हलला असेल.”

“हात नव्हताच त्यात. ही छापखान्याची खिडकी बघ. हा खांब बघ. फक्त तुमचं घर हललंय.”

“हे बघ धाकटे.” थोरलीनं भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. “तो फोटो तुझाच ना? त्यात कसं सगळं रेघेत आहे. मग तो खरा, की हा ओला लगदा खरा?”

धाकटी चौकटीकडे न बघता म्हणाली, “तो मी रंगवलाय.”

“म्हणजे?”

“तेव्हाही उजेड बाहेर आला होता, ताई. मला वाटलं फोटो बिघडला. मी पुसला.”

थोरलीनं हातातल्या प्रिंटा मांडीवर ठेवल्या. मग अगदी हळू म्हणाली, “माझ्या घरातला उजेड तू पुसलास?”

  भावोजी टेबलापासून उठले, थोरलीच्या मांडीवरून प्रिंटा उचलल्या, डोळ्याला भिंग तसंच ठेवून खिडकीशी गेले आणि एकेक मजला पाहिला. खालून वर. मग प्रिंटा टेबलावर ठेवून ते भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या लंबकाच्या घड्याळाकडे वळले.

“मेहुणीबाई,” ते म्हणाले, “लंबकाचं घड्याळ जरा जरी तिरकं ठेवलं तर लंगडतं. टिक लांब, टक आखूड. आणि मग थांबतं. हे आमचं घड्याळ लंगडायला लागलं. मी पेटीच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घातला. झालं सरळ. चार दिवसांनी पुन्हा लंगडलं. आणखी एक घातला.”

त्यांनी घड्याळाच्या बुडाशी हात घातला आणि पुठ्ठे उपसले. एक, त्यावर आणखी एक, मग आणखी, गठ्ठाच निघाला, वहीएवढा जाड. घड्याळ फळीवर एका बाजूला कललं. लंबक दोन वेळा लंगडा हलला, पेटीच्या कडेला टेकला आणि थांबला. 

“मला वाटत होतं, फळी सैल होतेय,” भावोजी म्हणाले.  “सरळ होतं ते घड्याळच होतं गं. घर वाकडं होतं.”

थोरलीच्या मांडीवरचं मटाराचं भांडं कलंडलं. कुणी वाकून उचललं नाही.

“सुताराला बोलवा,” ती म्हणाली.

सुतार रंधा हातात घेऊनच वर आला. मुख्य दार पुन्हा अडकत होतं म्हणून सकाळपासून तेच तासत होता. भावोजींनी पुठ्ठ्यांचा गठ्ठा दाखवला, धाकटीनं प्रिंटा दाखवल्या. त्यानं दोन्हीकडे पाहिलं, मग हातातल्या रंध्याकडे पाहिलं. “या पावसात मी या इमारतीतलं एकूणएक दार तासलंय,” तो म्हणाला. “सगळी एकाच कोपऱ्यात अडकत होती. म्हटलं, लाकूड फुगलं.” आणि रंधा तिथेच टाकून तो दारं वाजवत सुटला. त्याचा आवाज जिन्यातून वरखाली घुमत राहिला.

लोक निघाले, पण कुरकुरत. कुणी विचारलं, कुणी सांगितलं? कुणी म्हणालं, फोटोवाल्या बाईनं. कुणी हसलं. पण भावोजी पुठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून जिन्याच्या वळणावर उभे होते आणि त्यांना बघून हसणाऱ्याचं हसू तिथेच विरत होतं. ज्याच्या त्याच्या मनात आपापलं काहीतरी जागं होत होतं: कुणी टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सारली होती, कुणी भिंतीवरची भेग चुन्यानं बुजवली होती. ज्यानं त्यानं आपापलं सरळ करून घेतलं होतं. सगळ्यांनी मिळून एकदाही वर बघितलं नव्हतं.

थोरलीला उतरवायचं हे मोठं काम. सुतारानं आणि दोन शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून खुर्चीच उचलली.

“हळू! मला काय कपाट समजलात?”

“काकू, कपाट निदान बोलत नाही,” सुतार धापा टाकत म्हणाला.

चौकात आल्यावर तिनं वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं आपलं घर बाहेरून पाहिलंच नव्हतं, फोटोतच काय ते. “उंच आहे गं,” एवढंच म्हणाली. तिला तसंच खुर्चीसकट धाकटीच्या खोलीत नेलं, खिडकीशी ठेवलं, कॅमेऱ्याच्या शेजारी. संध्याकाळ उतरत होती. घरांच्या आकृत्या घ्यायची वेळ ती हीच. धाकटीनं कापड काढलं आणि शटर उघडलं. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात सवयीनं गेला. डोकं ठिकाणावर नसलं की हातच घर सांभाळतात.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. सुतारानं कळवल्यावरून पालिकेचा माणूस आला होता. तो खड्ड्याच्या काठावरून वाकून पाहत होता आणि सरळ उभा राहिला तेव्हा तो दोन्ही हात पसरून लोकांना मागे ढकलायला लागला. काय दिसलं ते सांगायला त्याच्यापाशी वेळ नव्हता. “मागे! सगळे मागे! आत कुणी जायचं नाही!”

“हे कुठे गेले?” थोरली खिडकीतून वाकली. “धाकटे, हे कुठे आहेत?”

भावोजी इमारतीच्या दाराकडे चालले होते. एकटे, शांतपणे, दुकान उघडायला निघाल्यासारखे.

धाकटी पुन्हा जिना उतरली. कसा ते तिला आठवत नाही. “भावोजी!”

“लोकांची घड्याळं आहेत वर,” ते मागे न बघता म्हणाले. “टेबलावर उघडी पडलीत. परकी वस्तू आहे, मेहुणीबाई. दोन मिनिटांत येतो.”

“अहो!” वरून थोरलीचा आवाज आला. आख्ख्या चौकाला ओळखीचा तो आवाज, पण असा कधी कुणी ऐकला नव्हता. “अहो, फिरा मागे!”

ते फिरले नाहीत. त्यांनी दाराची कडी धरली आणि ओढली. दार उघडेना. सकाळभर सुतारानं तासलेलं, तळहातासारखं गुळगुळीत केलेलं दार. लोकांनी नीट उघडंबंद केलेलं, आणि शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर वाऱ्यानं लागलेलं. भावोजींनी दोन्ही हातांनी ओढलं. खांदा लावला. दार चौकटीत असं आवळलं होतं, की जणू वरचे चारही मजले त्याच्यावर बसले होते. आणि बसलेच होते. दारावरच्या काचेला कुणीही हात न लावता एक रेघ गेली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिचा आवाज बारीकसा झाला, साखर चावल्यासारखा.

भावोजींनी तो ऐकला. जन्मभर बारीक आवाज ऐकलेला माणूस. त्यांनी कडी सोडली. तोवर धाकटी पोचली होती, तिनं त्यांची बाही धरली आणि सुतारानं दोघांना धरून ओढलं. तिघं चौकाच्या मधोमध येऊन आदळले.

मग इमारत गेली.

पडली म्हणता येणार नाही. आधी ती डावीकडे जराशी वळली, झोपेत माणूस कूस बदलतो तशी. वाळत घातलेले कपडे हलले. मग खड्ड्याकडची बाजू खाली बसली आणि बाकीची तिच्यामागे गेली. आवाज नंतर आला, आणि आवाजानंतर धूळ. धुळीत कुणाला कुणी दिसेना. खोकण्याचे आवाज, नावांच्या हाका, आणि त्या सगळ्यांवरून थोरलीचा एकच शब्द, पुन्हा पुन्हा: “अहो! अहो! अहो!”

“आहे,” धुळीतून भावोजी म्हणाले. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणत राहिले, “आहे गं. आहे.”

धूळ बसली तेव्हा माणसं मोजली. सगळी होती. नव्हतं ते घर. जिथे चार मजले होते तिथे आभाळ होतं, आणि लोक त्या आभाळाकडे असे बघत होते, जसं काही कुणीतरी त्यांचा फोटो काढतंय आणि हलायचं नाहीये.

त्यानंतर थोरली बोलली नाही. धाकटीच्या खोलीत ती खिडकीशी खुर्चीत बसून राहायची. वाढलं तर जेवायची, निजवलं तर निजायची. भावोजी तिच्या मनगटावरचं घड्याळ काढून किल्ली द्यायचे आणि पुन्हा बांधायचे. धाकटीला वाटायचं, ताई आपल्यावर रागावली आहे. उजेड पुसल्याचा राग. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं आणि उत्तर आलं असतं तर?

करायला काहीतरी हवं म्हणून एका दुपारी तिनं कॅमेऱ्यातली फिल्म काढली. तिला वाटलं होतं, त्या संध्याकाळची चौकट वाया गेली असेल. शटर उघडं टाकून ती पळाली होती. रात्रभर उघडं राहिलं असतं तर फिल्म जळून काळी पडली असती. पण परत आली तेव्हा भिंगावर काळं कापड होतं. तिनं टाकलं नव्हतं.

थोरलीनं टाकलं होतं. इतकी वर्षं समोरून बघत होती ना, काम झालं की धाकटी कापड टाकते.

लाल दिव्याखाली कागदावर चौक उमटला. खांब आला, छापखाना आला. आणि त्यांच्या शेजारी थोरलीची इमारत आली, आणि धाकटीनं औषधाच्या ताटाची कड दोन्ही हातांनी धरली. इमारत होती आणि नव्हती. भिंतींमधून आरपार मागचं आभाळ दिसत होतं. खिडक्या होत्या, त्या खिडक्यांतून मागची झाडं दिसत होती. जेवढा वेळ ती उभी होती तेवढी उमटली होती, आणि जेवढा वेळ नव्हती तेवढी पुसट झाली होती. दारासमोर भावोजी नव्हते. ते चालत होते, म्हणून ते उमटलेच नव्हते. आणि त्या पारदर्शक घराच्या तिसऱ्या मजल्यावर एक दिवा होता, नीट चौकटीच्या आत, ठळक, लख्ख.

तिनं प्रिंट बाहेर आणून थोरलीच्या मांडीवर ठेवली. भावोजी मागे येऊन उभे राहिले. आभाळाच्या जागी एक पांढरा ठिपका होता, धुळीचा, आणि धाकटीचा हात नकळत कुंचल्याकडे गेला.

थोरलीनं तिचं मनगट धरलं. पकड अजून थोरलीचीच होती.

“हात लावशील तर बघ,” ती म्हणाली. किती दिवसांनी आवाज फुटला होता, घोगरा, गंजलेला. भावोजींनी डोळे मिटले.

थोरलीनं बोट त्या पिवळ्या खिडकीवर ठेवलं, फोटोत ती पांढरी होती, आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

“या लोकांनी खुर्ची उचलली ना,” ती म्हणाली, “त्या गडबडीत स्वयंपाकघरातला दिवा चालूच राहिला माझा.”